एकूण कोलेस्टेरॉल १८६ असूनही स्टॅटिन का?

आपल्या वडिलांचा रक्तदाब गोळीने १३०/८० च्या आसपास राहतो, एकूण कोलेस्टेरॉल १८६ म्हणजे २०० च्या आत आहे, तरीही डॉक्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) का सुरू केले, असे आपण विचारले आहे. उत्तर आपण दिलेल्या उरलेल्या आकड्यांत आहे: एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३२, ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २६०, उपाशीपोटी साखर ११२ आणि एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२.

एकूण आकडा बेताचा दिसतो तो मुख्यतः एचडीएलच कमी असल्यामुळे. १८६ मधून ३२ वजा केल्यावर १५४ उरतात, आणि हे नॉन-एचडीएल सर्वसाधारणपणे १३० च्या आत असावे असे मानतात. रिपोर्टातील १०२ हे एलडीएलही (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) मोजलेले दिसत नाही; १८६ मधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा, म्हणजे ५२, वजा करून ते काढलेले आहे. ट्रायग्लिसराइड वाढलेले असताना हा हिशेब एलडीएल कमी दाखवतो. आपण सगळे ठळक छापलेलेच आकडे वाचतो, तिथेच फसगत होते.

साखर अजून मधुमेहाच्या रेषेखाली आहे (ती रेषा उपाशीपोटी १२६ आणि एचबीए१सी ६.५), पण मधुमेहपूर्व अवस्थेत नक्कीच आहे. पोटात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. मग यकृत अधिक ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते, एचडीएल घटते, आणि मूत्रपिंडे मीठ धरून ठेवू लागल्याने रक्तदाबही चढतो. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबीचे प्रमाण बरेच असू शकते, त्यामुळे ‘बाबा तर बारीकच आहेत’ हा दिलासा पुरेसा नाही. कंबर टेपने मोजा, पोटाखाली सरकलेल्या पँटच्या मापावर जाऊ नका. पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आहे.

कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसलेल्या, पण रक्तदाबासोबत हृदयविकाराचे इतर धोके असलेल्या सुमारे १०,३०० रुग्णांवरील ‘अस्कॉट’ चाचणीत (२००३) १० मिलिग्रॅम अॅटोर्व्हास्टॅटिनने हृदयविकाराचे झटके व त्यामुळे होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरे, पण अशा रुग्णांत फायद्याचे पारडे जड राहते.

रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध, त्याने साखर वाढू शकते) आहे का, तेही पाहा. माझी साखर ते सुरू झाल्यावर थोडी वर सरकली होती. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका, डॉक्टरांनाच विचारा, आणि त्याच भेटीत लघवीतील अल्ब्युमिनच्या (मूत्रपिंडांवरील परिणाम दाखवणारे प्रथिन) तपासणीचाही विषय काढा.