सकाळ बाबांची, संध्याकाळ लेकीची

मुलुंडहून एका आईचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "ताई, मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं जयपूरला चाललोय, चार रात्री. ह्यांना रजा तेव्हाच मिळते, तिकिटंही काढून झालीत. लेक १५ वर्षांची. 'तुम्ही फिरा, मी हॉटेलच्या खोलीत बसेन' म्हणते. गेल्या मेमध्ये वेरूळला भर दुपारी बापलेकीचं असं वाजलं की लोक वळून बघत होते. ती रडली आणि हे पुढे दोन दिवस घुम्यासारखे वागले. आता ह्यांच्या वहीत जयपूरच्या १४ जागांची यादी तयार आहे. दोघांच्या मध्ये उभी राहून मी थकले. सगळं रद्दच करू का?"

ताई, रद्द करू नका. मात्र ती १४ जागांची यादी अर्ध्याहून कमी करावी लागेल, आणि ते काम ह्यांनी लेकीला समोर बसवून करायचं आहे. तुम्ही त्यात पडू नका.

आधी वेरूळच्या भांडणाविषयी. ते इतिहासावरून झालं नव्हतं आणि फोनवरूनही नाही. दुपारचा एक, तापलेला दगड, पहाटे उठवलेली मुलगी, आणि तिच्या पोटात बहुधा सकाळपासून दोन घोट पाणी. अशा वेळी डोकं दुखतं, चिडचिड होते, रडू फुटतं. शरीरातलं पाणी कमी झाल्याची ही साधी लक्षणं आहेत. आपण त्याला 'हल्लीच्या मुलांचे नखरे' म्हणतो आणि तिथून विषय पेटतो.

जयपूरला हा धोका मुंबईकरांना जास्त असतो. मेमध्ये आपल्याकडे पारा ३३-३४ ला असतो, पण हवेत इतका दमटपणा की लोकलच्या जिन्यावरच पाठ भिजते. आपण ऊन घामावरून मोजतो. जयपूरला पारा ४० च्या वर, एखाद्या दिवशी ४५ च्या आसपास, आणि हवा कोरडी ठणठणीत. घाम येतो, पण जागच्या जागी उडून जातो. अंग कोरडं असल्यामुळे वाटतं, काही विशेष ऊन नाही. तासाभराने ओठ सुकतात आणि डोकं ठणकायला लागतं.

म्हणून पाणी तहानेवर सोडायचं नाही. उन्हात चालताना दर २० मिनिटांनी चार-पाच मोठे घोट, म्हणजे तासाला अर्धा लिटरच्या आसपास. प्रत्येकाची बाटली वेगळी, एक लिटरची, तिची तिच्याच खांद्यावर. ओआरएसची पुडी घेताना 'डब्ल्यूएचओ' सूत्राची आहे ना, हे पाकिटावर वाचा. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी घातली तर मीठ जास्त होतं आणि उलटीसारखं वाटतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

एक गोष्ट मुली सांगत नाहीत, म्हणून तुम्ही ओळखा. बाहेरची स्वच्छतागृहं नको वाटतात म्हणून त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत. पाळीचे दिवस असतील तर आणखीच. 'पाणी पी गं' असं दहादा म्हणण्यापेक्षा निघतानाच सांगून टाका की साडेदहाच्या आत आपण परत खोलीवर असू, मध्ये एकदा चांगल्या हॉटेलात थांबू. टिश्यू, सॅनिटायझर, पॅड, कागदी पिशव्या अशी छोटी पिशवी तिच्या सॅकमध्ये असू द्या. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय, हेही एकदा नीट समजावा. १५ वर्षांच्या मुलीला कारण सांगितलं की ती ऐकते. हुकूम सोडला की ऐकत नाही.

आता झोप. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. ती मुद्दाम लोळत पडत नसते. झोप मात्र ८ ते १० तासांची लागते. इथेच खरी ओढाताण आहे, कारण मे महिन्यात जयपूर बघायचं ते सकाळीच. त्यामुळे चारही दिवस पहाटे उठवण्याचा हट्ट सोडा. चारांपैकी दोनच सकाळी लवकर उठायचं. तारखा आधीच ठरवा आणि कागदावर लिहा. त्या दोन सकाळी बाबांच्या. त्याबदल्यात चारही संध्याकाळी तिच्या. कुठे जायचं, काय खायचं, किती वाजता परतायचं, ते ती ठरवेल. पैशाची मर्यादा तुम्ही सांगा, त्यात ढवळाढवळ नको. बाजारात दोन तास घालवून एक कानातलं घेतलं तरी तोंड वाकडं करायचं नाही, हे ह्यांना आधी बजावून ठेवा.

मुंबईहून संध्याकाळच्या गाडीने निघालात तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हातच जयपूरला उतराल. तो दिवस बघण्यासाठी धरूच नका. जेवा, झोपा, सहानंतर बाहेर पडा.

पहिली लवकरची सकाळ आमेरची. किल्ला शहरापासून ११ किलोमीटरवर आहे आणि सकाळी ८ ला उघडतो. सव्वासातला हॉटेल सोडा, नाश्ता बरोबर घ्या. साडेनऊपासून टूरच्या बसेस रिकाम्या व्हायला लागतात आणि दहाला तिथल्या दारात दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला असते तशी दाटी होते. म्हणून आत शिरल्या शिरल्या आधी शीशमहाल गाठा. सगळ्यात जास्त गर्दी तिथेच तुंबते. बाकीचे चौक नंतर पाहिले तरी चालतात. वर जायला हत्ती असतात. लेकीने 'हत्तीवर बसायचं नाही' म्हटलं तर तिची समजूत काढू नका, तिचं बरोबर आहे. तापत्या दगडी चढावर माणसं वाहून नेण्यात हत्तीचे हाल होतात. पायी चढ १५ मिनिटांचाच आहे. नको असेल तर जीप मिळते. उतरताना जवळच पन्ना मीना कुंड आहे. पायऱ्यांची जाळी असलेली ती बावडी दहा मिनिटांत बघून होते. खाली उतरू देत नाहीत, वरूनच फोटो काढायचा.

दुसरी सकाळ जंतरमंतरची. इतर १३ जागा राहिल्या तरी चालतील, पण ही सोडू नका, आणि इथे बापलेकीला दोघांनाच सोडा. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये शहर वसवलं आणि त्यानंतर ही वेधशाळा उभारली. २०१० मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. त्यातलं सम्राट यंत्र म्हणजे २७ मीटर उंचीचं सूर्यघड्याळ. मधली जिन्याची भिंत ध्रुवताऱ्याकडे रोखलेली आहे आणि तिचा चढ २७ अंशांचा, कारण जयपूरचा अक्षांश तेवढा आहे. तेच घड्याळ मुंबईत बांधलं असतं तर भिंत १९ अंशांवर आडवी झुकली असती.

नऊला दार उघडलं की सरळ त्याच्याजवळ जा. सकाळी सावली पश्चिमेकडच्या संगमरवरी कमानीवर असते. सावलीच्या कडेला पेन्सिलीचं टोक धरायचं, खूण करायची नाही, फक्त धरायचं, आणि एक मिनिट मोजायचं. सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे मिनिटाला चार बोटं. पृथ्वी फिरताना डोळ्यांनी दिसते. सावलीची कड थोडी धुरकट दिसेल, कारण सूर्य हा बिंदू नाही, थाळी आहे. ती कड नेमकी पकडण्यासाठी पूर्वी ताणलेला दोरा धरत. तुम्हीही पर्समध्ये वीतभर काळा दोरा ठेवा.

मग मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपलं घड्याळ नऊ म्हणत असेल तेव्हा सावली आठ सदतीसच्या आसपास असते. हा फरक का, हे लेकीलाच काढू द्या. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आहे आणि जयपूर ७५.८ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे जवळपास २७ मिनिटं मागे. सूर्याची स्वतःची चाल मे महिन्यात साडेतीन मिनिटं पुढे असते, ती त्यातून वजा. मुंबईसाठी नुसतं रेखांशाचं गणित केलं की ३९ मिनिटं येतात. १९५५ पर्यंत आपल्या शहरात 'बॉम्बे टाइम' चालायचा, तो बरोबर एवढाच मागे होता. वहीत यादी करणाऱ्या माणसाला असलं गणित आवडतं, आणि ते लेकीने आधी सोडवलं तर त्याला जास्त आवडेल.

शेजारीच सिटी पॅलेस आहे, त्याची दालनं सावलीत आहेत. तिथल्या चांदीच्या दोन प्रचंड घागरी तिला दाखवा. १९०२ मध्ये जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह लंडनला निघाले तेव्हा त्यांतून गंगाजल नेलं होतं. एकीत सुमारे ४००० लिटर मावतं. आपली एक लिटरची बाटली मग हलकी वाटते. हवामहल पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर पडतं. तो रस्त्यावरूनच बघा, आत गेलात नाहीत तरी विशेष बिघडत नाही. आमेर, जंतरमंतर, हवामहल, नाहरगड अशा सरकारी जागांचं एकत्रित तिकीट मिळतं, ते दोन दिवस चालतं. सिटी पॅलेस आणि जयगडचं वेगळं. शाळेचं ओळखपत्र न्या, विद्यार्थ्यांना सवलत आहे.

अकरा ते पाच खोलीत. पडदे ओढा, एसी २६ वर. १८ वर ठेवला आणि लगेच उन्हात गेलं की डोकं धरतंच. दुपारी हलकं जेवण, दही-ताक-पन्हं. कांद्याची कचोरी आणि तळलेलं सगळं संध्याकाळसाठी. रस्त्यावरचा बर्फ नको. या वेळात फोनवरून काही बोलू नका. सकाळी तीन तास उन्हात चाललेल्या मुलीने दुपारी लोळत फोन बघितला तर त्यात काही चुकलेलं नाही.

संध्याकाळी बापू बाजार, जोहरी बाजार. दुकानांपुढे सलग ओसरी असल्यामुळे सावलीतून चालता येतं. रिक्षावाला 'सरकारी एम्पोरियम दाखवतो' म्हणाला तर नाही म्हणा, त्याचं कमिशन तुमच्या बिलात असतं. तिला चित्रकलेची आवड असेल तर सांगानेरला ठसेछपाई करता येते. पहिला ठसा हटकून फिसकटतो, कारण ठशाला रंग जास्त लागतो. आधी फडक्यावर एकदा टेकवायचा, मग कापडावर ठेवून तळहाताने ठोकायचा. नाहरगडावर सूर्यास्ताला जाणार असाल तर गाडी थांबवूनच ठेवा. अंधार पडल्यावर वरून परतीचं वाहन मिळणं कठीण.

बारीकसारीक: जाड सुती मोज्यांचा एक जोड प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवा, देवळात चप्पल काढल्यावर फरशी भाजते. उघड्या रिक्षात लू थेट तोंडावर येते, लांबच्या पल्ल्याला एसी गाडी करा. तिचा फोन उन्हात तापला की कॅमेरा बंद पडतो. दोन फोटोंच्या मध्ये तो पिशवीत ठेवायचा, पॉवर बँक पार्क केलेल्या गाडीत सोडायची नाही. गर्दीत चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, तिकीट तपासतात त्या दाराशी येऊन थांबायचं. किल्ल्यात रेंज जाते, त्यामुळे 'फोन करू' यावर विसंबू नका.

आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून लाल झालं, उलट्या सुरू झाल्या तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, मान-काखा-जांघेत ओली फडकी, वारा घाला, १०८ ला फोन. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

ताई, तुमच्यासाठीही एक. एका सकाळी ह्यांना एकट्याने जयगडची तोफ बघायला पाठवा आणि तुम्ही लेकीबरोबर दहापर्यंत झोपा. ती 'खोलीत बसेन' म्हणते ना, मग एक सकाळ तिला द्या. तिला एकटीला हॉटेलात ठेवायचंही टळेल. त्या सकाळी तिला समजवायचं वगैरे काही काढू नका. आलू पराठा मागवा.

निघायच्या आधी एकदा रंगीत तालीम करून बघा. येत्या रविवारी सकाळी सातला सीएसएमटीला उतरा आणि गेटवेपर्यंत पायी जा, ओव्हल मैदानावरून. एका बाजूला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेकोच्या इमारती. रविवारी फोर्ट रिकामं असतं. रस्ता लेक ठरवेल, वेळ ह्यांनी सांभाळायची, नऊला नाश्ता. बूट कुठे चावतात, बाटली किती रिकामी झाली आणि दोघांपैकी आधी कोण चिडतं, एवढं तुम्ही बघून ठेवा. मग वहीतल्या १४ पैकी कुठल्या पाच ठेवायच्या, ते त्याच टेबलावर ठरू द्या. पेन लेकीच्या हातात.