वीस बाजूंचा फासा आणि अकरावी सायन्स

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. मुलगा अकरावी सायन्सला आहे. मे महिन्यात पुण्याच्या मावसभावाने त्याला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ शिकवला. तेव्हापासून राक्षस, भुयारं, नकाशे यांतच असतो. एम-सीलच्या बोटभर बाहुल्या करतो आणि रात्री बारापर्यंत रंगवत बसतो. युनिट टेस्टला फिजिक्समध्ये काठावर पास झाला. आता म्हणतो, सायन्स सोडून आर्ट्सला जातो. त्याचे बाबा विचारतात, “ह्येच्यान पोट भरतला काय?”

उत्तर : ताई, बाबांना आधी सरळ उत्तर देतो. खेळून पोट भरत नाही. नुसत्या बोटभर बाहुल्या रंगवून घर चालवणारा माणूस मला अजून महाराष्ट्रात भेटलेला नाही. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात मुलगा खेळतो कमी आणि हाताने काहीतरी घडवतो जास्त, असं मला दिसलं.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. संवाद कुणी लिहून दिलेले नसतात. आपल्या सिंधुदुर्गात याचं नवल वाटायला नको. दशावतारी मंडळी तरी कुठे संहिता पाठ करतात? आख्यान ठरतं, सोंगं ठरतात आणि बोलणं उभ्या उभ्या सुचतं. (त्यातल्या संकासुर राक्षसाला मात्र फासा टाकून वाचायची सोय नाही!)

आता एक बघा. कुणी सांगितलं नाही तरी तो यातल्या कुठल्या कामाकडे पुन्हा पुन्हा वळतो? बाहुल्या, गोष्ट, की खेळाचे नियम? तिन्हींच्या वाटा तीन आहेत.

बाहुल्या असतील, तर त्याला या श्रावणात जवळच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, पाठवा. बाहुलीला तो आधी अस्तर देतो, मग पातळ रंगाचे थर, खाचांत गडद रंगाचं पाणी, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिकट रंग आणि शेवटी डोळे. शाळेतही डोळ्यांची आखणी सगळ्यांत सराईत हाताकडेच असते. पण तिथे त्याला घरी न मिळणारी एक गोष्ट कळेल : चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. एका मूर्तीवर आठ दिवस लाडाने बसायचं वेगळं आणि दहा मूर्तींचं पितांबर एकाच छटेत, वेळेत उतरवायचं वेगळं. ते करूनही हात शिवशिवत राहिले, तर बारावीनंतर शिल्पकलेचा विचार जरूर करा. चिपळूणजवळ सावर्ड्याला शिल्प-चित्रकलेचं चांगलं महाविद्यालय आहे. संगणकावर मूर्ती घडवायची असेल तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बरा संगणक मात्र लागतो. गेम आणि ॲनिमेशनच्या स्टुडिओंत हेच काम पगारावर चालतं.

ओढा गोष्टीकडे असेल, तर या खेळाचे पायाभूत नियम जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आहेत. श्रेय देऊन त्यांवर बेतलेलं स्वतःचं साहस कुणीही लिहून विकू शकतो. त्याला म्हणावं, ड्रॅगन राहू दे, आरवलीचा वेतोबा घे. रात्री गावाची राखण करत फिरताना ज्याच्या चपला झिजतात आणि लोक ज्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, असा राखणदार दुसऱ्या कुणाकडे आहे? पैसे फारसे मिळणार नाहीत, पण दाखवायला पूर्ण केलेलं एक काम हाती राहील.

नियम रचण्यात रमत असेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुने गोल पत्ते, दाखवून आणा. दशावतारी गंजिफाचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण 120. असे खेळ रचायला शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) गांधीनगर कॅम्पसवर आहे. ते अजून लांब आहे, आत्ता नुसतं माहीत असू द्या.

सायन्स एवढ्यासाठी सोडू नका. दर वर्षी निदान चार घरांत मला हे सांगावं लागतं : अकरावीचं आर्ट्स म्हणजे चित्रकला हा गैरसमज आहे. तिथे मुख्यतः इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असतं. आयआयटीच्या बी.डेस.साठीची (डिझाइनच्या पदवीसाठीची) यूसीड, एनआयडीची डॅट आणि राज्याची बीएफएसाठीची (चित्र-शिल्पकलेच्या पदवीसाठीची) सीईटी, या तिन्ही प्रवेश परीक्षांना बारावीची कुठलीही शाखा चालते. फिजिक्स खरंच झेपत नसेल तर शाखा बदलायचं ते स्वतंत्र कारण झालं; त्यासाठी कॉलेजातल्या सरांशी बोला. मला वाटतं, फिजिक्सचा वैरी रात्री बाराचा ब्रश आहे. दहाला डबे बंद, एवढं ठरवून सहामाहीपर्यंत बघा.

केलेल्या प्रत्येक कामाचा तारीख घालून फोटो ठेवायला सांगा, फसलेल्या बाहुल्यांचाही.

आणि बाबांनी एका रविवारी त्याच्या टेबलावर बसावं. गोष्ट मुलगा चालवेल. सोंग कुठलं घ्यायचं ते बाबांनाच ठरवू दे.