शहाकडं फौज होती, तेल होतं, मग राज्य वर्षभरात गेलं कसं?

प्रश्न : सर नमस्कार, मी सोलापूरच्या अशोक चौकातून लिहितोय. आमच्या यंत्रमाग कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत रोज काहीतरी विषय निघतो, परवा इराणचा निघाला. एक जण म्हणाला तिथली क्रांती मौलवींनी केली, दुसरा म्हणाला छे, कामगारांनी केली, मौलवींनी नंतर बळकावली. मला हेच कळेना की एवढी फौज, एवढा तेलाचा पैसा आणि पाठीशी अमेरिका, असा राजा वर्षभरात पळाला कसा काय? जरा सविस्तर सांगा.

उत्तर : दादा, राजा पाडला संपानं, आणि सत्ता मौलवींकडं गेली ती त्यांची संघटना शाबूत होती म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या धरा म्हणजे भांडण मिटेल.

सुरुवात १९५३ पासून करायला पाहिजे. मोसद्देक नावाचे पंतप्रधान होते, त्यांच्या काळात १९५१ला इराणचं तेल ब्रिटिश कंपनीकडून काढून देशाच्या मालकीचं केलं. मग ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तहेर खात्यांनी मिळून त्यांचं सरकार उलथवलं आणि शहा, म्हणजे तिथला राजा, मोहम्मद रझा पहलवीच्या हातात सगळी सत्ता दिली. लोक हे कधीच विसरले नाहीत. पुढं १९५७ला सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा आली, मारहाण, छळ, वर्षानुवर्षं तुरुंग, पेपरात काय छापायचं ते सरकार ठरवणार, विरोधी पक्षांचं कंबरडं मोडलेलं. १९७५ला तर एकच पक्ष ठेवला, रस्ताखीझ, आणि ज्याला तो नको त्यानं देश सोडावा असं खुद्द शहानंच सांगितलं. सगळी दारं बंद केली तरी मशिदीचं दार काही बंद करता येत नव्हतं, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता पैशाचं. १९६२-६३ला शहानं जमीन सुधारणा आणली, ती वाईट नव्हती, बऱ्याच कुळांना जमीन मिळाली, पण तुकडे लहान, आणि ज्यांच्याकडं कसण्याचा हक्कच नव्हता त्या शेतमजुरांना काहीच नाही, त्यातले बरेच निघाले तेहरानला, झोपडपट्ट्यांत. मग १९७३-७४ला तेलाचा भाव चौपट झाला, पैसा नुसता वाहायला लागला, आणि त्याबरोबर घरभाडी आणि महागाई पण. शहानं काय केलं, तर महागाईचा दोष बाजारातल्या व्यापाऱ्यांवर टाकला. पक्षाची तरुण पोरं तपासनीस म्हणून दुकानादुकानात सोडली, हजारोंना दंड, कित्येकांना तुरुंग, काहींना गावाबाहेर हद्दपारी. नवी पेठेतल्या आणि मंगळवार पेठेतल्या व्यापाऱ्यांवर एकाच महिन्यात असं काही झालं तर शहरात काय वातावरण होईल सांगा. इराणमध्ये बाजार आणि मशीद यांचं नातं पिढ्यानपिढ्याचं, मशिदीचा खर्च बाजार चालवायचा, म्हणजे एका फटक्यात दोघंही विरोधात गेले.

मग ठिणगी. जानेवारी १९७८ला सरकारकडं कल असलेल्या एका पेपरात, शहाला विरोध करणारे मोठे मौलवी खोमेनी यांची बदनामी करणारा लेख आला. खोमेनी १९६४ पासून देशाबाहेर होते, बरीच वर्षं इराकमध्ये नजफला. लेखावरून कूम शहरात ९ जानेवारीला विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली. आता माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी शोक पाळतात, चाळिसावा करतात, हे आपल्या सोलापुरात कोणाला सांगायला नको. बरोबर चाळीस दिवसांनी १८ फेब्रुवारीला तबरीझमध्ये शोकाचा मोर्चा, तिथं पुन्हा गोळीबार, त्याच्या चाळिसाव्याला मार्चअखेर यज्द आणि इतर गावं. म्हणजे पत्रक नको, सभा नको, पुढच्या मोर्चाची तारीख सरकारच्याच गोळीनं ठरायची! मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जास्त हलवून सोडते. ऑगस्टमध्ये आबादानला रेक्स सिनेमाला आग लागली, चारशेच्या आसपास माणसं आत जळाली. आग कोणी लावली यावर नंतर वाद झाले, पण त्या वेळी लोकांनी सरळ सावाकवर बोट ठेवलं, सरकारवर विश्वासच उरला नव्हता. ८ सप्टेंबरला तेहरानच्या जालेह चौकात लष्करी कायदा लागलाय हे बऱ्याच जणांना माहीतच नव्हतं, ते जमले आणि सैन्यानं गोळ्या घातल्या.

आणि आता तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा. दुसऱ्याच दिवशी तेहरानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातले कामगार संपावर गेले. ऑक्टोबर संपेपर्यंत दक्षिणेकडच्या तेलक्षेत्रातलेही. दिवसाला साठ लाख पिंपांच्या जवळ जाणारं उत्पादन नोव्हेंबरच्या सुरुवातीला पंधरा लाखांवर आलं. वीज कामगार संध्याकाळच्या सरकारी बातम्यांच्या वेळेला वीजच घालवायचे, सरकारी बँकेतल्या लोकांनी कोण किती पैसा देशाबाहेर पाठवतोय त्याची यादी बाहेर आणली, बाजार बंद, शाळा बंद. बंदुका मोर्चावर चालतात, पण बंदूक रोखून तेलविहीर चालवून घेणं फार अवघड.

इथं आपलं १९३० आठवतं. ८ मेला सोलापुरात गोळीबार झाला, मिल कामगार पेटून उठले, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल राहिला नाही, मग १२ मेला मार्शल लॉ, आणि पुढं आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेले. धाडस तेच, मग निकाल वेगळा का? माझ्या मते कारण हे की सोलापूरच्या गिरण्या थांबल्या म्हणून इंग्रजांची तिजोरी थांबत नव्हती, त्यांना अख्खा देश होता. शहाची तिजोरी एकाच तेलावर होती आणि तेलाचा नळ कामगारांच्या हातात होता.

डिसेंबरात मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशी देशभर लाखोंचे मोर्चे निघाले, सैनिकांच्या बंदुकीत फुलं खोचली, सक्तीनं भरती झालेले जवान बराकी सोडून पळायला लागले. १६ जानेवारी १९७९ला शहा देशाबाहेर गेला, १ फेब्रुवारीला खोमेनी पॅरिसहून आले, ११ फेब्रुवारीला लष्करानं आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं आणि राजेशाही संपली.

प्रश्न : सर, मी जुळे सोलापूरहून, कॉलेजला इतिहास घेतलाय. बायका, विद्यार्थी, डावे, कामगार सगळे मोर्चात होते म्हणता, मग सगळं एकाच गटाच्या हातात कसं गेलं?

उत्तर : ताई, वर मशिदीचं दार म्हटलं ते इथं. डाव्यांचे नेते वर्षानुवर्षं तुरुंगात नाहीतर परदेशात, संपाच्या समित्या कारखान्याकारखान्यात होत्या पण त्यांना जोडणारं एक नेतृत्व नव्हतं. मशिदी मात्र गावोगाव, खोमेनींच्या भाषणाच्या कॅसेट तिथूनच फिरायच्या, रॉकेल आणि धान्यवाटप पण तिथूनच, संपाच्या दिवसांत घर चालवायला मदत कोण करतंय हे लोक बघतात ना. शिवाय खोमेनींनी आधी मोघम बोलणंच जास्त ठेवलं, स्वातंत्र्य, न्याय, शहा जावा, त्यामुळं प्रत्येकाला त्यांच्यात आपलाच माणूस दिसला. मार्चअखेर सार्वमत घेतलं त्यात प्रश्न एकच, इस्लामी प्रजासत्ताक हो की नाही, दुसरा पर्यायच नाही. पण बायका गप्प बसल्या नव्हत्या हे तुमच्या नोट्समध्ये जरूर लिहा. क्रांतीला महिना व्हायच्या आत, ८ मार्च १९७९ला, हिजाबच्या सक्तीविरुद्ध हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर होत्या, आणि तेव्हा बरोबरीच्या बहुतेक पक्षांनी, डाव्यांनीसुद्धा, त्यांची पाहिजे तशी साथ दिली नाही. मला हे फार लागतं. पुढं एकेक करून तेच पक्ष चिरडले गेले.

प्रश्न : शहाचं पुढं काय झालं? (विजापूर रोड)

उत्तर : इजिप्त, मोरोक्को, बहामा, मेक्सिको असा फिरत राहिला, कॅन्सर होता, तो त्यानं लपवून ठेवलेला. ऑक्टोबर १९७९ला अमेरिकेनं उपचारासाठी न्यूयॉर्कला येऊ दिलं, तर इराणात लोकांना वाटलं १९५३ परत होणार, याला पुन्हा गादीवर बसवणार, आणि ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांनी तेहरानमधल्या अमेरिकन वकिलातीत घुसून माणसं ओलीस धरली, ते प्रकरण ४४४ दिवस चाललं. शहा त्याच्या आतच, जुलै १९८०ला, कैरोत वारला.