शेजारचे ख्रिस्ती कुटुंब आईसाठी ‘प्रार्थना करायला येऊ का’ विचारते आहे. हो म्हणावे का?

तुमच्या आईंना पक्षाघाताचा झटका येऊन गेला, उजवी बाजू लुळी पडली आहे, औषधं आणि फिजिओथेरपी चालू आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, आम्ही चार-पाच जण येऊन प्रार्थना करू का? तुम्ही विचारताय की हे लोक नेमकं काय करतात, त्याने माणूस बरा होतो का, आणि यामागे धर्मांतराचा बेत असतो का.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशन आमच्या गावात १८३१ साली आलं, आणि आमचं घराणं कैक पिढ्या त्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. नोकरी सगळी मिशन दवाखान्यांत, नर्स म्हणून. तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांतही बसले आहे आणि केस पेपर हातात घेऊन त्यांच्या मागेही उभी राहिले आहे.

येतील त्या दिवशी काय होईल ते आधी सांगते, कारण निम्मी धास्ती माहीत नसण्याची असते. संध्याकाळी पाच-सहा जण येतील, त्यात बायका जास्त. महिला मंडळातल्या एखाद-दोघी, कधी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, कधी त्यांच्याऐवजी पाळकबाई. बायका डोक्यावर पदर नाहीतर ओढणी घेतील. आधी एखादं गीत होईल. मराठी मंडळी असेल तर बहुधा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं, आणि त्याची चाल तुमच्या आईंना ओळखीची वाटेल, कारण ती भजनाचीच असते. मग पवित्र शास्त्रातला छोटा उतारा वाचतील. आजाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा २३वं किंवा १२१वं स्तोत्र निघतं. मग डोळे मिटून एक जण मोठ्याने प्रार्थना करतो आणि बाकीचे मधून ‘आमेन’ म्हणतात.

या प्रार्थनेत मंत्र नसतो, साधं बोलणं असतं. पेशंटचं नाव, दुखणं, रात्री झोप लागत नाही, बिलाची काळजी आहे, मुलाला रजा मिळत नाही, असं सगळं त्यात येतं. डॉक्टरांच्या बुद्धीसाठी आणि सिस्टरच्या हातासाठीही मागतात. मी स्वतः ती सिस्टर असताना हे ऐकलंय आणि शीर सापडेना तेव्हा मला त्याचा आधारही वाटलाय. शेवटी सगळे मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रभूची प्रार्थना म्हणतात. काही मंडळ्यांत कपाळाला बोटभर तेल लावतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तसं सांगितलंय, म्हणून. काकू कॅथलिक असतील तर हे काम फादरांचं असतं आणि त्याचा वेगळा विधी आहे. डोक्यावर हात ठेवायचा असेल तर शहाणी माणसं आधी विचारतात. नाही विचारलं तर तुम्ही सांगा, आईंना आवडतं की नाही ते.

पैसे द्यायचे नसतात. दक्षिणा, देणगी, काही नाही. चहा विचारा, तो घेतील. कोणी पाकिटाचा विषय काढलाच तर ती प्रार्थना तिथेच थांबवायला माझी पूर्ण परवानगी समजा.

आता बरं होण्याचं. माझी देवावर श्रद्धा आहे आणि मी रोज प्रार्थना करते. तरीही तुम्हाला सांगणार नाही की चार जण आले म्हणजे आईंचा हात उठेल. पक्षाघातात पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त दिसते. ज्यांच्यासाठी कोणीच प्रार्थना केली नाही त्यांच्यातही दिसते, आणि ती पुष्कळशी व्यायामावर अवलंबून असते. आई उद्या काठी घेऊन चालायला लागल्या आणि काकूंनी रविवारी उपासनेत उभं राहून त्याची साक्ष दिली, तर मीही टाळी वाजवेन. फक्त रोज येऊन पाय हलवून घेणाऱ्या फिजिओथेरपीच्या पोरीचं नाव त्या साक्षीत यायला हवं.

साक्षींबद्दल थोडं जास्त बोलते, कारण बाहेरच्या माणसाचा गोंधळ तिथेच होतो. आमच्याकडे बरं झालेला माणूस मंडळीपुढे उभा राहून देवाचे उपकार सांगतो. सुंदर प्रथा आहे. पण जो गेला त्याची साक्ष कोण देणार? त्याच्या घरचे मागच्या बाकावर गप्प बसलेले असतात. नुसत्या साक्षी ऐकल्या तर वाटतं की प्रत्येक प्रार्थनेला हवं तेच उत्तर मिळतं. फ्रान्समध्ये लूर्द इथे १८५८ पासून लोक बरं होण्याची आशा धरून जातात. तिथे दावे तपासायला डॉक्टरांचं कार्यालय आहे, आणि हजारो दाव्यांतून कॅथलिक चर्चने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेत ते जेमतेम सत्तरच्या आसपास. आणि आपल्याकडे एखाद्या मैदानावरच्या चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, एका संध्याकाळी स्टेजवर डझनभर होतात! यावर मी जास्त काय बोलू?

बायबलात तरी सगळे बरे झाले का? येशूचा प्रेषित पौल याने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारं दुखणं, जावा म्हणून तीन वेळा मागितलं, तो गेला नाही. त्रफिम नावाच्या सोबत्याला त्याने मिलेतात आजारी अवस्थेतच मागे ठेवलं, आणि पोटाच्या तक्रारीवर आपला तरुण सहकारी तीमथ्य याला थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं. आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची जी मोठी लाट आली तिचं नाव आजही जगभरच्या ख्रिस्ती लोकांत निघतं. त्याच रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली, जेमतेम चाळिशीत गेली, आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. त्या बाईची प्रार्थना कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे?

म्हणून मला सगळ्यात चीड येते ती ‘विश्वास कमी पडला’ या वाक्याची. वॉर्डात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटला, नाहीतर त्याच्या बायकोला, हे ऐकवणारे पाहिलेत मी. जन्मांधाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही. ज्यांनी हा उतारा वाचलाय त्यांनी तरी आजाऱ्याच्या खाटेशी हिशेब मांडू नयेत. तुमच्या घरात कोणी तसं बोलायला लागलं तर नम्रपणे दार दाखवा.

दुसरा धोका औषध सोडण्याचा. आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ शुद्ध हरपत आलेल्या अवस्थेत आणले होते. इन्शुलिनवर होते. कुठल्याशा सभेत वक्त्याने सांगितलं की बरे झाल्यावर सुई टोचणं म्हणजे देवावर अविश्वास, म्हणून घरी येऊन त्यांनी बाटल्या टाकून दिल्या. वाचले, पण थोडक्यात. त्यांच्या बायकोने मला विचारलं, सिस्टर, आम्ही देवाचं ऐकलं की माणसाचं? मी म्हटलं, बाई, देवाने इन्शुलिन शोधणारी माणसंही केलीत, त्यांचंही ऐका. कायदाही इथे गप्प नाही. आजार बरा करणाऱ्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या कायद्याच्या यादीत मधुमेह, कर्करोग आणि पक्षाघात तिन्ही आहेत. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग करणारा कोणत्याही धर्माचा असो. आईंची रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी प्रार्थनेच्या दिवशीही वेळेवरच द्या.

खरं तर जुन्या मिशनच्या लोकांना प्रार्थना आणि औषध यांत निवड करावी लागते हे पटलंच नसतं. मिरजेला विल्यम वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला. पुढे त्याच गावात वैद्यकीय शिक्षण दिलं आणि जवळच क्षयरोग्यांसाठी वेगळी वसाहत उभी राहिली, ती आजची वानलेसवाडी. मिशन दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी टेबलाशी उभं राहून प्रार्थना करायची आणि मग सुरी हातात घ्यायची, ही रीत. सर्जनने डोळे मिटले म्हणून निर्जंतुक करायचं कोणी विसरत नसे.

आता धर्मांतर. गोड बोलून टाळत नाही. मिशन दवाखान्यांत बाह्यरुग्ण विभागात शास्त्रवाचन व्हायचं, खाटेखाटेपाशी जाऊन येशूबद्दल सांगितलं जायचं, हे खरं आहे. आजही काही जण या आशेने येतात की तुम्ही एक दिवस चर्चला याल. ज्याला जे अनमोल वाटतं ते त्याने दुसऱ्याला सांगावं, यात मला पाप दिसत नाही. पण आजारी माणूस अडचणीत असतो आणि अडचणीत असलेल्याशी सौदा करायचा नसतो. ‘घरातले देव काढा म्हणजे बरं वाटेल’ असं कोणी म्हणालं तर तो सौदा झाला. तुम्ही काकूंना आधीच मोकळेपणाने सांगा: प्रार्थनेला या, बाकी काही नको. शेजारधर्म असेल तर त्यांना राग येणार नाही.

आणि महाराष्ट्रात हे इतकं नवलाईचं नाही हो. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरते, तिथे नवस बोलणारे सगळ्या जातिधर्मांचे असतात. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात, पाय वाहतात, त्यात हिंदू घरं किती असतात ते कुठल्याही मेणबत्तीवाल्याला विचारा. ती माणसं घरी जाऊन आपल्याच देवाला दिवा लावतात.

मग प्रार्थनेने होतं तरी काय? मी पाहिलंय ते सांगते. मंडळीत एकदा आजाऱ्याचं नाव घेतलं गेलं की ते नाव लोकांच्या डोक्यात राहतं. बुधवारी ज्या बाईने नाव घेऊन प्रार्थना केली, ती गुरुवारी डबा घेऊन येते, कारण आता तिला न येणं जड जातं. रात्री दवाखान्यात बसायला कोणाचा तरी मुलगा मिळतो. रक्त हवं असेल तर व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थना विनंतीच्या ग्रुपवर तासाभरात माणूस उभा राहतो. एकदाच येऊन मोठमोठ्याने प्रार्थना करून परत न फिरकणारेही असतात, त्यांची मी फारशी मोजदाद करत नाही. पेशंटपुरतं बोलायचं तर भीती कमी होते, विशेषतः ऑपरेशनच्या आदल्या रात्री. झोप बरी लागते. यात चमत्कार आहे की नाही ते मी तुमच्यावर सोडते. माझ्यापुरतं म्हणाल तर मला त्यात देव दिसतो, आणि तो गाठ विरघळली नाही तरी दिसतो.

हो म्हणायचं ठरलं तर काही गोष्टी नर्स म्हणून सांगते. सर्वांत आधी आईंना विचारा. तुम्ही मला विचारलंत, शेजाऱ्यांचं सांगितलंत, पण आईंचं मत तुमच्या प्रश्नात कुठे नाही. बोलता येत नसेल तर मान हलवून सांगतील. वीस मिनिटांच्या वर कार्यक्रम नको, माइक-कीबोर्ड तर नकोच. व्यायामाची वेळ टाळा. कोणी प्रेमाने केळं किंवा पेढा भरवायला जाईल, त्याला थांबवा, कारण झटक्यानंतर गिळताना घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. आई मध्येच रडायला लागल्या तर घाबरू नका आणि देवाचा स्पर्श झाला असंही लगेच समजू नका. या आजारात रडू-हसू आवरत नाही, तो मेंदूचा भाग आहे.

उजवी बाजू गेली म्हणजे वाचेवरही परिणाम झाला असण्याची शक्यता मोठी. अशा काही पेशंटना बोलता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. आमच्या वॉर्डात एक माळकरी आजोबा होते, ‘पाणी’ म्हणता यायचं नाही, पण शेजारच्या खाटेवर भजन सुरू झालं की त्यांचा अभंग सुरू व्हायचा, आणि प्रार्थनेला आलेल्या बायका आपलं गाणं थांबवून त्यांच्यामागे धरायच्या. तेव्हा आईंना कुठला अभंग पाठ आहे ते काकूंना आधीच सांगून ठेवा. त्या म्हणतील. टिळक स्वतःच सांगायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांची पदं गाणाऱ्यांना तुकोबा परका वाटायचं काही कारण नाही.