कुकरमधल्या कोबीला उग्र वास का येतो?

आपण विचारले आहे की, तोच कोबी कढईत परतला तर भाजीला चांगला वास येतो आणि कुकरमध्ये शिजवला तर घरभर दर्प पसरतो, असे का होते. माझ्या मते वास ठरतो तो भाजीच्या पेशी आधी फुटतात की आधी तापतात यावर, आणि त्यानंतर ती किती वेळ व किती तापते यावर.

आमच्या कोल्हापुरात रोजच्या स्वयंपाकात लागणारा लसूणच घ्या. सोललेली अखंड पाकळी हुंगली तर तिला फारसा वास नसतो. तिच्यात अ‍ॅलिन हे गंधकयुक्त द्रव्य आणि अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. खलबत्त्यात ठेचताच ती एकत्र येतात आणि क्षणार्धात अ‍ॅलिसिन तयार होऊन तो ओळखीचा झणका उठतो. अखंड पाकळी आधीच भाजली तर विकर निकामी होते, म्हणून भाजलेला लसूण सौम्य आणि गोडसर लागतो. मोहरीचेही तसेच आहे: पाणी घालून फेसलेली मोहरी नाकात जाते, पण फोडणीत तडतडलेली मोहरी अगदी निमूट असते.

कोबी, फ्लॉवर आणि मुळा हे मोहरीच्याच कुळातले. चिरल्यावर त्यांच्यातून मोहरीसारखी तिखट द्रव्ये निघतात, ती कोशिंबिरीत हवीशीही वाटतात; मात्र भाजी जास्त वेळ शिजत राहिली की गंधकाची संयुगे फुटून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, तयार होऊ लागतो. कुकरमध्ये तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, झाकणामुळे वायू आत कोंडतो आणि शिट्टीबरोबर सगळा बाहेर येतो. उघड्या कढईत, मोठ्या आचेवर कोबी थोड्याच वेळात शिजतो, वायू साठत नाही आणि कडा तांबूस होऊन खरपूस वास येतो. कोबी डाळीबरोबरच हवा असेल, तर डाळ कुकरला लावावी आणि कोबी वेगळा परतून तिच्यात मिसळावा.

हा खरपूसपणा पाण्यात कधीच येत नाही. साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील ही प्रक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार यांनी 1912 मध्ये वर्णन केली. ती साधारण 140 अंशांच्या वर वेग घेते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवरील कोल्हापुरात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून तांबड्या रश्श्यासाठी कांदा आणि सुके खोबरे आधी भाजून मगच वाटतात; कच्चा कांदा वाटून घातला, तर रस्सा तासभर उकळूनही तो वास येणार नाही. (मिक्सरच्या घाईत भाजणे उरकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.)

कोथिंबिरीचा वास अल्डिहाइड नावाच्या, सहज उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असल्याने ती गॅस बंद केल्यावरच घालावी. कढीपत्ता मात्र तेलातच घालावा, कारण त्याची सुगंधी द्रव्ये पाण्यापेक्षा तेलात चांगली उतरतात.

ढोबळी मिरचीला यातले फारसे काही लागू पडत नाही. तिचा हिरवट वास पायराझिन वर्गातील एका द्रव्याचा असून ते मिरची वाढत असतानाच तयार झालेले असते, आणि त्याचा अत्यल्प अंशही नाकाला कळतो. हा वास ज्यांना नको असेल त्यांनी शिजवण्याची पद्धत बदलत बसण्यापेक्षा पिकून लाल झालेली ढोबळी मिरची घ्यावी, कारण पिकताना ते द्रव्य बरेच कमी होते.