‘पळायला मनच लागंना’: मैदान टाळणाऱ्या मुलीची गोष्ट

‘पोरगी झकास पळायची. जिल्ह्यातून विभागाला गेली. आता दोन-अडीच महिने झाले, पहाटे उठायलाच मागत नाही. टाइमिंग मागं चाललंय. तिला जरा मोटिव्हेशन द्या.’ क्रॉस कंट्री (म्हणजे ट्रॅक सोडून रानातल्या चढउताराच्या वाटेवरची शर्यत) पळणाऱ्या मुलामुलींचे पालक समुपदेशनाला येतात ते बहुतेक वेळा हेच सांगत. कुठल्या उपदेशाने पोरगं पुन्हा मैदानावर जाईल, एवढंच त्यांना हवं असतं.

इथे सांगितलेली मुलगी करवीर तालुक्यातली, वय १६, अकरावी सायन्सला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) अठरा वर्षांखालच्या गटात मुलींची शर्यत ४ किलोमीटरची असते, तिची तयारी त्यासाठी चालली होती. वडील तालमीत वाढलेले. त्यांचं निदान तयारच होतं: ‘आळस चढलाय. आमच्या टायमाला वस्ताद काठी घेऊन उभे असायचे.’ आईचा संशय मोबाईलवर.

दोघांना बाहेर बसवून मुलीशी बोलणं झालं, तेव्हा ती म्हणाली, ‘मी जातो की मॅडम रोज. पण पाय उचलंनात. पहिल्याच किलोमीटरला वाटतंय, परत फिरावं.’ मग तिला एकच प्रश्न विचारला: अलीकडे पळायला मजा कधी आली? थोडा विचार करून तिने सांगितलं, एकदा ग्रुपला सुट्टी होती, तेव्हा चुलत बहिणीबरोबर मळ्याच्या वाटेनं गप्पा मारत गेलो, तेव्हा. घड्याळ घरीच राहिलं होतं.

पळण्याचा कंटाळा आलेल्या मुलीला अशी आठवण सहसा सांगता येत नाही. त्यामुळे मनाला हात घालण्याआधी तिच्याकडून १४ दिवसांची वही लिहून घेतली. झोपायची आणि उठायची वेळ, अंथरुणातच मोजलेली नाडी, किती अंतर किती मिनिटांत, पळण्याआधी आणि नंतर काय खाल्लं, पाळीची तारीख, आणि आजचं पळणं १ ते १० मध्ये किती जड गेलं. वही भरायला रोज तीन मिनिटं पुरतात. सगळं ठीक चाललेलं असतानाही प्रत्येक तरुण धावपटूने ती ठेवावी, म्हणजे बिघडल्यावर ताडून बघायला काहीतरी हाताशी असतं.

वहीने बरंच सांगितलं. आठवड्यातले सहा दिवस ८ किलोमीटर, आणि रोज ३८ मिनिटांच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला पावणेपाच मिनिटं. तिची ३००० मीटरची सर्वोत्तम वेळ ११ मिनिटं २० सेकंद. अशा मुलीचं हलकं पळणं किलोमीटरला ५:२० ते ५:४५ असायला हवं आणि मेहनतीचं ४:१५ ते ४:२०. पावणेपाच हा मधलाच वेग, त्यात पाय मोकळे होत नाहीत आणि दमसासही फारसा वाढत नाही. ‘जड किती’ या रकान्यात रोज सात नाहीतर आठ.

हा वेग आला कुठून? ती पोलीस भरतीच्या मुलांबरोबर पळत होती. कोल्हापुरात पहाटे कुठल्याही मैदानावर जा, भरतीची पोरं असतातच, आणि एकट्या मुलीला अंधारात सोडण्यापेक्षा ओळखीच्या ग्रुपमध्ये पाठवणं घरच्यांना बरं वाटतं. त्यात गैर काही नाही. पण त्या मुलांना १६०० मीटरमध्ये गुण मिळवायचे असतात आणि भरती तोंडावर असते, म्हणून ती रोज जीव तोडून पळतात. त्यांच्या मागं राहायचं नाही म्हणून हिची रोजच शर्यत. बहिणीबरोबरचा तो एक दिवस का आवडला, याचं उत्तर इथे होतं. त्या दिवशी ती नकळत बरोबर वेगाने पळाली होती.

झोप रात्री ११ ते पहाटे पावणेपाच. या वयाला आठ-नऊ तास लागतात. उठल्यावरची नाडी आधी ५८ असायची, ती आता ६६-६८. एखाद्या दिवशी वाढली तर काळजी नको, पण सलग तीन-चार दिवस आठ-दहा ठोके जास्त असतील, तर शरीराची झीज भरून निघत नाहीये असं धरावं.

खाण्याचा रकाना सगळ्यात वाईट. पळण्याआधी काही नाही, आल्यावर चहा-बटर, मग थेट अकराचा डबा. रात्रीची भाकरी तीन महिन्यांपासून बंद. मैदानावर कुणीतरी सांगितलं होतं, ‘वजन उतरव, टाइमिंग आपोआप उतरेल.’ वजन चार किलो उतरलं, टाइमिंग मात्र उतरायचं सोडून चढलं. पाळीच्या रकान्यात काहीच नव्हतं. विचारल्यावर कळलं, दोन महिने आलेलीच नाही. आईला ठाऊक होतं, पण ‘खेळणाऱ्या पोरींचं असं होतंच’ म्हणून तिने सोडून दिलं होतं.

असं होतंच, हे खरं नाही. खर्च होतो तेवढं पोटात जात नसेल, तर शरीर आधी पाळी थांबवतं आणि हाडांची भरणीही मंदावते. याच मुलींना नडगीच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा धोका जास्त. नडगीवर बोटाने दाबून एकाच ठिकाणी दुखत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद आणि दवाखाना. मनावर बोलत बसण्याआधी हिलाही डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे कागदावर ठीक. पण सोबत फेरिटिन तपासायला लावलं होतं, ते ९ निघालं. फेरिटिन म्हणजे शरीरातली लोहाची शिल्लक, आणि १५ च्या खाली ती संपल्यात जमा. नुसतं हिमोग्लोबिन बघून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटकं करू नकोस’ म्हणणारी घरं बरीच असतात. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी ठरवलेल्या मापानेच घ्यायच्या, मेडिकलमधून मनाने आणायच्या नाहीत. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगलं लागू पडतं. चहा जेवणापासून तासभर लांब ठेवायचा, हे घरात पटवायला गोळीपेक्षा जास्त वेळ गेला.

खाण्यात नवलाचं काही आणलं नाही. पळायला जाताना एक केळं किंवा तीन खजूर. आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दोन अंडी आणि पाव लिटर दूध, त्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. शिवाय पोहे किंवा भाकरी. अंड्याच्या दिवशी अंडं, वाराला शेंगदाण्याची चटणी आणि उसळ. रात्रीची भाकरी पुन्हा सुरू. वडील खुराकाच्या बाबतीत पैलवान माणूस, तेव्हा ही जबाबदारी त्यांच्याकडे दिली आणि त्यांनी ती मनापासून घेतली.

डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटल्यावर प्रशिक्षकांशी बोलून पहिले दोन आठवडे सराव निम्म्यावर आणला: आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी ५-६ किलोमीटर, घड्याळाशिवाय. कसोटी एवढीच की पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की वेग कमी करायचा. मुलीला हे शिक्षेसारखं वाटलं. ‘भरतीची पोरं हसतात की,’ म्हणाली. म्हणून हलक्या दिवसांत जोडीला तीच चुलत बहीण, आणि वेळ पहाटेऐवजी दोन दिवस संध्याकाळची. झोप तिथेच तासाभराने वाढली. फोन रात्री दहाला आईबाबांच्या खोलीत, तिघांचेही, नाहीतर तो नियम आठवडाभरही टिकत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून जड दिवस फक्त दोन. बुधवारी चढ: कात्यायनीच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या आवारात मिळेल त्या चढावर ६० ते ७५ सेकंद जोरात, उतरताना चालत-जॉग करत, असे ६ फेरे, पुढे वाढवून ८. शुक्रवारी ८ मिनिटं ४:२० च्या वेगाने, मध्ये २ मिनिटं जॉग, असं तीनदा. रविवारी १० किलोमीटर सावकाश, डांबरावर न जाता मुरुमाच्या वाटेने. पाऊस पडून गेल्यावर पंचगंगेकाठच्या काळ्या रानात शिरायचं नाही, माती बुटाला थापून बसते, पाय जड होतो आणि घोटा मुरगळतो. ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या रस्त्यावर अंधारात पळणं तर कुणीच करू नये. बाकी दिवस हलकं पळणं आणि सोमवारी पूर्ण सुट्टी. सगळं मिळून आठवड्याला ३५-३८ किलोमीटर, म्हणजे आधीपेक्षा दहा कमी.

मनाचं काम खरं इथून सुरू झालं, आणि ते थोडंच उरलं होतं. एक करार केला: नको वाटलं तरी बूट घालायचे, १० मिनिटं हलकं पळायचं, त्यानंतरही नको वाटलं तर परत यायचं आणि घरात कुणी काही विचारायचं नाही. ताप किंवा दुखणं असेल त्या दिवशी हा करार लागू नाही. दोन महिन्यांत ती मोजक्याच वेळा परत आली.

दुसरं, टाइमिंग. ट्रॅकवर सेकंदांना अर्थ असतो. क्रॉस कंट्रीचा मार्ग प्रत्येक ठिकाणी वेगळा, कुठे चढ, कुठे चिखल, त्यामुळे मागच्या शर्यतीच्या वेळेशी तुलना करून रडण्यात काही हशील नाही. वहीत त्याऐवजी दोन गोष्टी लिहायला लावल्या: शेवटच्या किलोमीटरला किती जणींना मागं टाकलं, आणि सुरुवात ताब्यात होती का. बहुतेक मुलींची शर्यत पहिल्या ५०० मीटरला हातची जाते. वाट पुढे अरुंद होणार म्हणून सगळ्या सुसाट सुटतात आणि दुसऱ्या किलोमीटरला पाय भरून येतात. सरावात ३ वेळा १ किलोमीटर, पहिले २०० मीटर वेगात आणि लगेच आपल्या चालीवर यायचं, हे मुद्दाम करून घेतलं. सांघिक शर्यतीत क्रमांकांची बेरीज होते, कमी बेरीज जिंकते. जागतिक स्पर्धेत प्रत्येक संघाचे सहा जण पळतात आणि पहिल्या चौघांचे क्रमांक धरतात. आपला अठरावा नंबर सतरावा झाला तरी संघाला उपयोग होतो, हे समजल्यावर ती मागं पडली तरी लढायला लागली.

वडिलांची खरी भीती वेगळीच होती. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि हे वर्ष गेलं तर सगळं गेलं, असा त्यांचा हिशोब. त्यांना बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेचं उदाहरण दिलं. सैन्यात गेल्यावर, २०१५ साली, विशी ओलांडताना तो क्रॉस कंट्रीत उतरला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेजचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) रौप्य घेऊन आला. सोळाव्या वर्षातले तीन महिने त्यापुढे किरकोळ. शिवाय शर्यत संपल्याबरोबर ‘कितवी आलीस?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असायचा. तो बदलून ‘काय खाणार?’ असा करायला सांगितलं. नंबर मुली स्वतःहून सांगतातच.

चौथ्या महिन्यात पाळी परत आली, फेरिटिन २८ वर गेलं, सकाळची नाडी ५९. त्या हंगामात तिला पदक मिळालं नाही. विभागीय शर्यतीत ती अकरावी आली, आधीच्या वर्षीपेक्षा दोन नंबरांनी मागे, पण शेवटच्या किलोमीटरला पाच जणी मागं टाकून. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही ती बहिणीला घेऊन मळ्याकडे गेली होती.

सगळ्यांचं असं होत नाही. झोप, खाणं, वेग दुरुस्त करून सहा आठवडे झाले, रक्ताचे रिपोर्ट सुधारले आणि तरीही मूल मैदान टाळत असेल, तर त्याला एकट्याला विचारावं: घरात कुणालाच कळणार नसेल, तर तू उद्या पळशील का? उत्तर ‘नाही’ असं आलं, तर ८०० मीटर, कबड्डी किंवा नुसता अभ्यास, जे म्हणेल ते ऐकून घ्यावं. आणि पळण्याबरोबर मित्रमैत्रिणी, जेवण, आवडीच्या मालिका, सगळंच दोन आठवड्यांहून जास्त नकोसं झालं असेल, किंवा जगण्याबद्दल निराशेचं काही बोलणं कानावर आलं, तर प्रशिक्षक बदलत न बसता मानसोपचारतज्ज्ञांची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी.