सेकंडहँड एएमटी (क्लच पेडल नसलेली ऑटोमॅटिक) गाडी चढावर जळका वास मारते, मध्येच 'एन' (न्यूट्रल) लुकलुकतो. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स बदला. खरंच बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2016 ची आहे, 62 हजार किलोमीटर झालेत, ठाण्यात गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये जळका वास येतो आणि अधूनमधून डिस्प्लेवर 'एन' लुकलुकत राहतो, गिअर पडतच नाही. मेकॅनिकने गाडीला हात लावायच्या आधीच अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला. थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका.

मी कासारवडवलीला राहतो. अशीच एक छोटी एएमटी सेकंडहँड घेऊन मी आधी पस्तावलोय आणि मग शहाणा झालोय.

पहिली गोष्ट, आपल्याला 'ऑटोमॅटिक' म्हणून विकलेली ही गाडी आतून साधी मॅन्युअलच असते. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त गाड्यांत एएमटी आली, तीही याच पद्धतीची. तोच गिअरबॉक्स, तीच कोरडी क्लचप्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या पायाहाताऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणारा एक भाग, अॅक्च्युएटर, करतो. पेडल नाही म्हणून क्लच नाही, असा समज आपण सगळेच करून घेतो. मग चढावर ब्रेक न दाबता हलक्या अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवतो. मॅन्युअलमध्ये याला हाफ क्लच म्हणतात आणि त्यावरून वडील ओरडायचे. इथे ओरडायला कोणी नाही, फक्त वास येतो.

माझ्या मते तुमच्या गाडीत दोन वेगळ्या तक्रारी एकत्र दिसताहेत. जळका वास क्लचचा. रिकाम्या रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून बघा. आरपीएम चढला आणि गाडीने वेग घेतला नाही, तर प्लेट घसरतेय. सेट बदलावा लागेल. खर्च आहे, पण गिअरबॉक्सच्या मानाने कमीच.

लुकलुकणाऱ्या 'एन'ची मात्र कारणं बरीच असतात, घासलेला क्लचही त्यातलाच एक. माझं कारण ऐका. माजिवड्याच्या सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "दादा, ब्रेक लाइट लागत नाय तुमचा." मी हो हो केलं आणि विसरलो. आठवड्याभराने सोसायटीच्या गेटमध्येच गाडी 'एन'वर अडकली. एका गॅरेजने गिअरबॉक्सचं कोटेशन हातात दिलं. दुसरा मेकॅनिक वागळे इस्टेटचा, वयस्कर. त्याने बोनेटही उघडलं नाही. मला आत बसवलं, ब्रेक दाबायला सांगितलं आणि मागे जाऊन उभा राहिला. परत आला, पेडलवरचा छोटा स्विच बदलला, गिअर पडला. ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय कॉम्प्युटर 'एन'मधून 'डी'त (ड्राइव्ह) जाऊच देत नाही. पार्ट काहीशे रुपयांचा.

दुसरा संशयित बॅटरी. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या प्रेशरवर चालणारा, अॅक्च्युएटर असलेल्या बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडलं की बोनेटखालून घुर्र असा बारीक आवाज येतो. तो अॅक्च्युएटरचा पंप, प्रेशर भरून घेतोय. बॅटरी थकली की तोही थकतो. बॅटरी चांगली असून पंप सारखाच घुरघुरत असेल, तर तेल कमी झालंय का, गळतंय का, अॅक्युम्युलेटर (प्रेशर साठवणारा भाग) प्रेशर धरतोय का, हे तपासायला सांगा. हे तेल गिअर ऑइलपेक्षा वेगळं असतं, त्याची टाकीही वेगळी. हे बऱ्याच नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांना माहीत नसतं.

गिअरबॉक्स खरंच गेला असेल तर तो बोलतो. चालताना घरघर, गिअर पडताना करकर, ऑइल सोडलं की त्यात धातूचा चुरा. यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. (पूर्ण स्टेअरिंग वळवल्यावर चाकाकडून कटकट आली तर ती अॅक्सलची, तिचा याच्याशी संबंध नाही.)

म्हणून आधी स्कॅनर लावून एरर कोड काढून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा. क्लच बदललाच, तर नंतर स्कॅनरने क्लच लर्निंग करून द्याल का, हे कामाला सुरुवात करण्याआधीच विचारा. नवीन प्लेट नेमकी कुठे पकडते हे कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. ते न करता गाडी दिली तर नवी प्लेटही झटके देते. "ते काय असतं?" असं विचारणाऱ्याकडे गाडी सोडू नका.

आणि चढावर हँडब्रेक वापरा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्याच्या बंपरला चिकटून इंच-इंच सरकू नका. दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. मागचे हॉर्न मारतील, मारू देत.

क्लच बदलला तर जुनी प्लेट मागून घ्या, म्हणजे खरंच घासली होती का ते दिसेल. स्विचनंतर वर्षभराने माझाही क्लच गेलाच. ती प्लेट अजून बाल्कनीत आहे, तुळशीच्या कुंडीखाली.